एक मिनिट आणि अर्धं पान

अगं, तुझा मेसेज वाचला. "ताई, दर सोमवारी एक मिनिटाचा व्हिडिओ द्यायचा हे समजलं, पण त्याच्याबरोबर अर्धं पान रिफ्लेक्शन कशाला? आम्ही व्हिडिओ शिकायला आलोय की निबंध लिहायला?" प्रश्न रास्त आहे. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी ते अर्धं पान चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, हेही तू सांगून टाकलंस. तूही घेतलंस हे मात्र सांगितलं नाहीस. पण नमुना म्हणून पाठवलेलं पान वाचलं आणि कळलं. "या असाइनमेंटमुळे मला माझ्यातील सर्जनशीलतेचा नव्याने शोध लागला." बाई गं, असलं वाक्य तू जन्मात कधी बोलली नाहीस. तू म्हणाली असतीस, "ताई, सगळा पचका झाला, पंख्याचाच आवाज येतोय." हे दुसरं वाक्य लिहिलं असतंस तर सरांनी चार मार्क जास्त दिले असते की नाही ते माहीत नाही, पण पुढचा व्हिडिओ नक्की सुधारला असता.

माझं मत ऐक, आणि आईला सांगू नकोस, तिला वाटेल मी तुला अभ्यास बुडवायला शिकवतेय. व्हिडिओ आणि अर्धं पान या दोन्हींतलं एक बुडवायचीच वेळ आली, तर व्हिडिओ बुडव. पान बुडवू नकोस. आमच्याकडे एडिटिंगला नवीन मुलंमुली येतात ती हातात झकास व्हिडिओ घेऊन येतात. एखादा शॉट खरंच सुंदर असतो. विचारलं, "हा एवढा छान कसा जमला?" तर उत्तर येतं, "असंच, सहज." सहज आलेला शॉट दुसऱ्यांदा मागितला की येत नाही, आणि कामाच्या ठिकाणी तो दुसऱ्यांदाच मागतात. आपल्या हातून काय झालं आणि कशामुळे झालं हे ज्याला सांगता येतं, त्याचे पहिले व्हिडिओ ओबडधोबड असले तरी वर्षभरात तो कुठल्या कुठे पोचतो.

आता त्या पानावर लिहायचं काय? "आवाज नीट आला नाही, पुढच्या वेळी काळजी घेईन," हे लिहायचं नाही. "काळजी घेईन" हे दोन शब्द तुझ्या वहीत मला दिसता कामा नयेत. काळजी घेणं ही कृती नाही. त्याऐवजी असं लिही: "आजी ओट्याशी उभी. फोन स्वयंपाकघराच्या दारात, ट्रायपॉडवर, अंतर साधारण सात फूट. फ्रिज चालू होता. आजीचं बोलणं आणि फ्रिजची घरघर जवळजवळ सारख्याच जोराने आलीय. पुढच्या वेळी फ्रिज बंद, आणि आवाजासाठी दुसरा फोन आजीच्या जवळ, डब्यांच्या मागे लपवून." झालं की नाही पान? त्यात सर्जनशीलता कुठेही आली नाही, पण मी ते वाचून तुझा सेट डोळ्यांसमोर उभा करू शकते. मुख्य म्हणजे दोन महिन्यांनी तूही करू शकशील.

हे सात फूट लिहिणं का महत्त्वाचं ते सांगते. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की तो साधारण सहा डेसिबलने उतरतो. घरात भिंतींवरून आवाज परततो म्हणून हिशोब इतका सरळ राहत नाही, पण दिशा तीच. फ्रिज मात्र जिथे आहे तिथेच घरघरत राहतो. म्हणजे माणूस दूर गेला की फ्रिज जवळ आल्यासारखा ऐकू येतो. एडिटिंगच्या टेबलावर येऊन "नॉइज काढून टाक ना" म्हणणारे खूप भेटतात. निघतो तो, पण त्याच्याबरोबर माणसाच्या आवाजातला जीवही थोडा निघून जातो आणि आजी पिंपातून बोलतेय असं वाटायला लागतं. तेव्हा फ्रिज बंदच कर. आणि बंद केलास की तुझ्या स्कूटीची किल्ली त्याच्या आत ठेव. हसू नकोस, शूटिंगवाल्यांची ही जुनी युक्ती आहे: निघताना किल्ली शोधशील, तेव्हा फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण होईल. नाहीतर संध्याकाळी दूध नासलं म्हणून आईचा फोन मलाच येणार.

आवाजाचंच आणखी एक. प्रत्येक ठिकाणाहून निघण्याआधी अर्धं मिनिट कुणीही बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि नुसता त्या जागेचा आवाज घ्यायचा. याला आमच्याकडे रूम टोन म्हणतात. तुला वाटतं खोली शांत आहे, पण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांच्या मधलं "अं… म्हणजे…" कापलंस की तिथे पोकळी पडते, पूर्ण मुकी. ती कानाला लगेच टोचते. तिथे तो रूम टोन भरायचा. हे कुठल्याही रीलवाल्याच्या "पाच टिप्स"मध्ये येत नाही, कारण यात दाखवण्यासारखं काही नाही.

प्रकाशाबद्दल एवढंच सांगते, की खिडकीजवळ बस, खिडकी पाठीमागे नको. पण तुझ्या होस्टेलच्या व्हिडिओत जे पट्टे वरून खाली सरकताना दिसतायत, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण "फोन खराब आहे" असा निष्कर्ष तू काढलास आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतोय आणि शटर एक साठांश सेकंदावर आहे, म्हणजे दिव्याचा ताल आणि कॅमेऱ्याचा ताल जुळत नाही, आणि पट्टे फिरतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश ठेवलंस की बहुतेक वेळा ते गायब होतात. आता गंमत बघ, तू ज्यांचे शिकवणीचे व्हिडिओ बघून सेटिंग लावलंस ते सगळे अमेरिकेतले. तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यांचं ३० आणि एक साठांश त्यांच्या घरी अगदी बरोबर. तुझ्या खोलीत नाही. हे एकदा तुझ्या वहीत "दिवा कुठला, फ्रेम किती, शटर किती" असं लिहिलं गेलं असतं, तर दुसऱ्या आठवड्यातच तुझं तुला सापडलं असतं. तू तीन असाइनमेंट फोनला शिव्या देत काढल्यास.

"एका मिनिटात काय सांगणार?" अशीही तुझी एक तक्रार आहे. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या फिती जेमतेम ५० सेकंदांच्या होत्या, कारण कॅमेऱ्यात सतरा-एक मीटरचीच फिल्म मावायची. कॅमेरा एका जागी उभा, मध्ये कट नाही, आवाज नाही. त्यांचा खेळ ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला, आणि त्या फिती पाहून आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, परदेशातून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी काय टिपलं? हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती. बघ, पहिलीच असाइनमेंट किती शहाणपणाने निवडली! दोन माणसं, एक जागा, आणि पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नाही. "माझं शहर" असा विषय घेऊन ड्रोन शोधत बसले नाहीत.

शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, जगभरच्या चाळीसएक दिग्दर्शकांना ल्युमिएरांचा तोच जुना कॅमेरा देऊन एक प्रकल्प केला गेला. नियम तीनच: ५२ सेकंदांपेक्षा लांब नाही, चित्रासोबत आवाज नाही, आणि तीनपेक्षा जास्त टेक नाहीत. मोठमोठी माणसं होती त्यात, आणि त्यांनी हे बंधन पत्करलं. तुझ्या सरांनी एक मिनिटाचा नियम लावला तो तुमची गळचेपी करायला नव्हे. तीन टेकचा नियम तर तू स्वतःहून लाव. फोनमध्ये फिल्म संपत नाही, हाच फोनचा मोठा दुर्गुण. वीस टेक घेतेस आणि एकही नीट बघत नाहीस. तीनच घ्यायचे म्हटलं की दुसऱ्या टेकच्या आधी तुला थांबून विचार करावा लागतो: पहिल्यात काय कमी होतं? आणि ते सांगता आलं नाही तर दुसरा टेक घेण्यात अर्थच नाही.

आता वहीकडे परत येते, कारण खरं शिकणं तिथेच होतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते कसं होतं याची एक रीत सांगते. पान एकदम लिहायचं नाही. तीन वेळा, थोडंथोडं. पहिल्यांदा, शूट करून घरी आलीस की, फुटेज न बघता. फक्त आठवणीतून: काय काय मिळालं असं वाटतंय, कुठला शॉट सगळ्यात भारी झालाय असं वाटतंय. चार ओळी. मग हात-पाय धू, जेव, आणि फुटेज बघ. बघून झालं की दुसऱ्यांदा लिही: प्रत्यक्षात काय आहे. तुला धक्का बसेल. ज्या शॉटवर तू खूश होतीस तो हललेला असतो, आणि जो घेतल्याचं आठवतही नव्हतं, भांडी घासता घासता आजीने पदराने कपाळ पुसलं तो, तोच अख्ख्या फुटेजमधला एकमेव जिवंत शॉट असतो. या दोन नोंदींमध्ये जेवढं अंतर, तेवढी तुझी नजर अजून कच्ची. हे अंतर महिन्या-महिन्याने कमी होत जाताना कागदावर दिसतं, आणि दुसरीकडे कुठेही दिसत नाही. व्हिडिओत तर मुळीच नाही, कारण व्हिडिओत तू वाईट शॉट कापून टाकलेले असतात.

तिसऱ्यांदा लिहायचं आठवड्याने. वेगळ्या शाईने, म्हणजे नंतरचं शहाणपण कुठलं ते ओळखू येईल. आणि त्या तिसऱ्या नोंदीच्या शेवटी एकच बदल लिहायचा, पुढच्या व्हिडिओसाठी. एकच. तू यादी करतेस हे मला माहीत आहे, दहावीच्या वेळापत्रकापासून तुझी ती सवय आहे. आवाज, प्रकाश, फ्रेमिंग, कथा, थंबनेल सगळं एकदम सुधारायला निघालीस तर सोमवारी व्हिडिओ बरा झाला तरी कशामुळे बरा झाला ते कळणार नाही. एका आठवड्यात एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच वाईट राहू दे.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. दादासाहेब फाळक्यांचंच बघ ना. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, आणि राजा हरिश्चंद्राला हात घालण्याआधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत महिनाभराहून जास्त दिवस त्याचं रोप होताना टिपलं. 'अंकुराची वाढ'. ना नट, ना पोशाख, घरातली कुंडी. कॅमेरा, वेळ आणि धीर या तिन्हींची परीक्षा एका वाटाण्यावर घेतली, आणि ती फीत दाखवूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला. "आमच्याकडे शूट करण्यासारखं काही नाही" असं म्हणायची इच्छा झाली की हा वाटाणा आठव. पुढे १९१७-१८ मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर लेख लिहिले, आपण या धंद्यात कसे आलो, काय काय सोसलं, ते मोकळेपणाने. म्हणजे ज्या माणसाला आपण जनक म्हणतो, त्यानेही रिफ्लेक्शन लिहिलंच होतं, आणि तेही कुणी मार्क देणार नसताना. ते लेख ग्रंथालयात मिळाले तर जरूर वाच. तुझ्या सरांना भारी वाटेल ते वेगळं, पण तुलाच बरं वाटेल. पैशाची चणचण, घरातल्यांची साथ, लोकांचं हसणं, सगळं ओळखीचं आहे त्यात.

एडिटिंगला तू आता बसायला लागलीयस, तर एक असाइनमेंट माझ्याकडून, सरांच्या यादीत असो-नसो. आजीला खुर्चीत बसव आणि नुसतं समोर बघायला सांग. हसायचं नाही, रडायचं नाही. दहा सेकंद. मग तीन वेगळे शॉट घे: कढईत तळले जाणारे अनारसे, भिंतीवरचा आजोबांचा हार घातलेला फोटो, आणि अंगणात पडून रडणारं शेजारचं पोर. आजीचा तोच एक शॉट या तिघांच्या पुढे-मागे जोड आणि तीन छोटे व्हिडिओ कर. रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा चेहरा घेऊन असाच प्रयोग केला होता. सूप, शवपेटी, बाई. बघणाऱ्याला त्या एकाच चेहऱ्यात भूकही दिसते, दुःखही दिसतं. पण तू हे नुसतं करून थांबू नकोस, कारण करून "हो, खरंच की" म्हणणं सोपं आहे. ते व्हिडिओ वेगवेगळ्या माणसांना दाखव, प्रत्येकाला एकच, आणि ते जे बोलतील ते जसंच्या तसं वहीत उतरव. "आजी उपाशी आहे का?" "हिला नवऱ्याची आठवण आलीय." "म्हातारी दुष्ट आहे, पोराला उचलत का नाही?" लोकांचे शब्द सुधारून लिहू नकोस. लोकांना काय दिसलं हे लोकांच्याच तोंडून ऐकणं हे या शिक्षणातलं सगळ्यात महाग साहित्य आहे आणि ते फुकट मिळतं.

वॉल्टर मर्च म्हणून एक मोठा एडिटर आहे, 'अपोकलिप्स नाऊ'वर काम केलेला. कट कुठे मारायचा हे ठरवताना काय काय बघायचं, याला त्याने चक्क मार्क दिलेत. शंभरातले ५१ भावनेला, २३ कथेला, १० लयीला, ७ बघणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे त्याला, ५ पडद्याच्या सपाट मांडणीला, आणि प्रत्यक्ष जागेतली सलगता, म्हणजे पेला मघाशी डाव्या हातात होता आणि आता उजव्या हातात आलाय वगैरे, त्याला ४. तुझी मागची तिन्ही पानं मी या हिशोबाने पाहिली. त्यात पेल्यांबद्दल आणि ओढणी बदलल्याबद्दल लिहिलंय, लयीबद्दल अर्धी ओळ, आणि तो प्रसंग बघताना काही वाटतं की नाही याबद्दल शून्य. म्हणजे तू चार मार्कांच्या प्रश्नावर सगळी पुरवणी भरलीस! पेल्याची चूक पटकन दिसते म्हणून आपण तीच पकडतो. पण डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सिनेमातले पेले कुणी मोजत नाही.

आता हे सगळं ऑनलाइन टाकण्याबद्दल. तुझ्या सरांनी चॅनेल काढून तिथेच असाइनमेंट टाकायला लावल्यात, ते मला पूर्णपणे पटलेलं नाही, पण त्यामागचा हेतू कळतो. कॅलिफोर्नियातल्या पित्झर कॉलेजात अलेक्झांड्रा युहाझ या प्राध्यापिकेने २००७ मध्ये असा एक अख्खा वर्गच यूट्यूबवर घेतला होता. यूट्यूब तेव्हा दोन वर्षांचं पोर. तास तिथेच, गृहपाठही व्हिडिओ नाहीतर कॉमेंट यांतूनच द्यायचा. पुढे तिने त्यावर पुस्तकही केलं, तेही ऑनलाइन. तिचा सूर यूट्यूबच्या कौतुकाचा नाही, टीकेचा आहे. आणि मला ते अगदी पटतं: त्या जागेवर एकामागून एक पुढे सरकायची सवय लागते, मागे वळून बघायची नाही. म्हणूनच तुझी वही कागदाची असू दे.

आकड्यांचं काय करायचं ते सांगते. पहिले सहा महिने व्ह्यूज बघायचेच नाहीत असं म्हणणार होते, पण तू बघणारच, त्यापेक्षा बघायचंच तर काहीतरी उपयोगाचं बघ. यूट्यूबच्या ॲनॅलिटिक्समध्ये लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले त्याचा आलेख असतो. ज्या ठिकाणी रेघ खाली कोसळलीय तिथे व्हिडिओ थांबव आणि त्या सेकंदाला पडद्यावर काय आहे ते वहीत लिही. बहुतेक वेळा तिथे "नमस्कार, माझ्या चॅनेलवर तुमचं स्वागत आहे" असतं, किंवा तुझ्या नावाची फिरणारी अक्षरं. पण तुझे बघणारे चाळीस, त्यातली वीस तुझ्या वर्गातली आणि पाच आपल्या मावशा. एवढ्याशा लोकांवरून फार काही सिद्ध होत नाही. मावशी शेवटपर्यंत बघते ती प्रेमाने, तिला आलेखात धरू नकोस.

त्यापेक्षा दुसऱ्यांच्या चॅनेलवरून शिक. एखादं चॅनेल निवड आणि त्याचे व्हिडिओ जुन्यापासून नव्याकडे या क्रमाने लावून बघ. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, ज्यांना सगळे 'आपली आजी' म्हणून ओळखतात, त्यांचं बघ. आजी रांधते आणि नातू शूट करतो, अशी सुरुवात. पहिला व्हिडिओ आणि पन्नासावा व्हिडिओ शेजारी-शेजारी ठेव आणि आवाज बंद करून बघ: कॅमेरा कुठे ठेवलाय, कढई कधी जवळून दिसते, आजीचा चेहरा किती वेळ टिकतो. मग चित्र न बघता नुसता आवाज ऐक. चॅनेल वाढलं कसं याच्या सुरस कथा सगळे सांगतात. कढईवरचा कट कुठे आला, हे कुणी सांगत नाही, ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

दोन गोष्टींत मात्र मी ताईगिरी करणार, ऐकून घ्यावंच लागेल. गाणं. जुनं गाणं म्हणजे फुकट गाणं नव्हे. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा वेगळा मोजतात. "दहा सेकंद वापरलं तर चालतं" ही होस्टेलमधली अफवा आहे. यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, नाहीतर मांडवात वाजवणाऱ्या आपल्या संबळवाल्या काकांना विचारून त्यांचंच वाजवणं रेकॉर्ड कर. तेही विचारूनच.

आणि माणसं. बाजारात शिरलीस, भाजीवालीचा चेहरा सुंदर आहे म्हणून लांबून टिपलास, गाणं लावून टाकलास. तिला त्याचं काय? तिचा नवरा, सासर, कर्जवाला, कुणाकुणाने बघितलं तर तिला काय होईल हे तुला माहीत नाही. जवळ जा, पाव किलो मिरच्या घे, बोल, कशासाठी करतेयस ते सांग, आणि नाही म्हणाली तर मिरच्या घेऊन ये. हो म्हणाली तर व्हिडिओ झाल्यावर तिला नेऊन दाखव, टाकायच्या आधी. लहान पोरांचे चेहरे तर आई-बापाच्या होकाराशिवाय नकोतच. आणि या सगळ्याची नोंदही त्या अर्ध्या पानावरच: कुणाला विचारलं, काय उत्तर आलं. "काकू आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या हात दाखव, तोंड नको." अगं, याच्यासारखं सुंदर बंधन मिळायचं नाही! नुसत्या हातांवर एक मिनिट करून बघ. तराजू, चिल्लर, कोथिंबिरीची जुडी बांधणं.

या सोमवारचा तुझा विषय "कामाची वेळ" आहे ना? मग पहाटेची भाजीमंडई सोड, तिथे तुझ्या वर्गातले सगळे जाणार, अंधारात फोन दाणेदार चित्र देईल ते वेगळंच. बाबांच्या दुकानात दुपारी तीनला जा. गिऱ्हाईक नसतं तेव्हा. बाबा काय करतात ते मलाही नीट माहीत नाही. तीन टेक, ट्यूबलाइटखाली २५ आणि एक पन्नासांश, दुकानाच्या शटरजवळ उभी राहून रूम टोन. बदल एकच: या वेळी कॅमेरा हलवायचा नाही, बाबा फ्रेमच्या बाहेर गेले तरी.

आणि मला कापलेला व्हिडिओ पाठवू नकोस. रशेस, म्हणजे न कापलेलं फुटेज पाठव, सगळं, वाईटासकट. ड्राइव्हवर टाकशील तेव्हा लिंक उघडी ठेव. मागच्या वेळी परवानगी मागितली तर तू झोपली होतीस आणि मी अकरापर्यंत वाट बघत बसले.